करवंदीचे कुंपण : डोंगरपायथ्याच्या शेताचा घरचा राखणदार

वैशाख निम्मा सरला की सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत करवंदांचे दिवस येतात. पोरे पिशव्या घेऊन डोंगराकडे पळतात आणि हातापायांवर ओरखडे, ओठांवर चिकाची पुटे घेऊन परततात. करवंद अर्धे चावायचे आणि ‘कोंबडा की कोंबडी’ म्हणून पैज लावायची. आत लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी. बाजाराच्या दिवशी आयाबाया पाट्या भरून ‘डोंगरची काळी मैना’ विकायला बसतात आणि पानाच्या द्रोणात मापून देतात. महिना-दीड महिन्याचा हा मेवा. मृगाचा पाऊस पडला की करवंदे संपतात आणि करवंदीची आठवणही संपते.

मग त्याच करवंदीवर आपण कुऱ्हाड चालवतो. वरकस जमीन वहितीला आणायची म्हणून जाळी तोडली जाते. सपाटीकरणाचे यंत्र आले की उरलीसुरली जाळी मुळासकट उखडली जाते. त्यानंतर नव्या वावराला कुंपण हवे म्हणून तालुक्याहून काटेरी तार येते, सिमेंटचे खांब येतात आणि त्यापायी हातउसने पैसे घेतले जातात. ज्यांना तार परवडत नाही ते दरसाल बोरी-बाभळीच्या फेसाट्या तोडून बांधावर रचतात. पावसात त्या कुजतात, वाळवी खाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम. शेतकरी बंधू-भगिनींनो, जे झाड आपण फुकट उपटून टाकले, तेच दारी लावले असते तर तारेचा खर्च वाचला असता आणि वर फळही मिळाले असते. हा उलटा व्यवहार सुलट कसा करावा, ते आज पाहू.

चार महिने पाऊस, आठ महिने कोरड

मावळ, मुळशी, भोर, जुन्नर, अकोले, जावळी, पाटण किंवा घाटाखालचे मुरबाड, कर्जत, महाड, पोलादपूर या भागांतल्या पावसाचा आकडा ऐकून देशावरच्या माणसाला हेवा वाटतो. पण तो पाऊस उतारावरून धावत खाली जातो. वरकस जमिनीत वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. पाणी मुरायला जागा नाही. होळीच्या सुमारास विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि चैत्रात पिण्याच्या पाण्यासाठी डोक्यावर हंडे चढतात. अशा ठिकाणी परसात एखादे झाड लावायचे म्हटले तरी घरच्या बाईच्या पोटात गोळा येतो, कारण त्याला पाणी घालायचे काम तिच्याच वाट्याला येते.

करवंद मात्र याच जमिनीवर, याच कोरडीत जन्मापासून वाढलेले झुडूप आहे. त्याचे पान जाड, चामड्यासारखे आणि वरून तुकतुकीत असते. त्यामुळे उन्हात पानातून पाणी फार उडून जात नाही. त्याची मुळे कातळाच्या भेगांतून खोल शिरतात. झुडूप वाढते सावकाश, पण बारमाही हिरवे राहते. सगळे रान वाळून पिवळे पडले असता, पौष-माघापासून करवंदीला पांढऱ्या सुवासिक फुलांचे घोस येऊ लागतात. फळ धरते आणि पिकते ते ऐन उन्हाळ्यात, कोणी तांब्याभर पाणी न घालता.

करवंद हे कण्हेर, चाफा, कुडा आणि सदाफुली यांच्या कुळातले. म्हणून फांदी मोडली की पांढरा चीक येतो. या कुळातली बरीच झाडे विषारी असतात. करवंदाचे फळ मात्र कच्चेही चालते आणि पिकलेलेही.

राखण किती करते, किती नाही

करवंदीचे झुडूप सहा ते दहा फूट उंच जाते. काटे जोडीने येतात, टणक असतात आणि लवकर मोडत नाहीत. फांद्या एकमेकींत अशा गुंततात की दाट वाढलेल्या ओळीतून मोकाट गुरू आत येत नाही. दोन-तीन वर्षे छाटून खालून भरदार केलेली ओळ असेल तर शेळीलाही वाट मिळत नाही.

पण खरे ते सांगितले पाहिजे. वानरांना कोणतेच कुंपण पुरत नाही, करवंदीचेही नाही. रानडुक्कर खालून पोकळी दिसली की मुसंडी मारते. जिथे डुकरांचा फार उपद्रव आहे तिथे करवंदीच्या बुडाशी दगडांचा गडगा रचावा. दोन्ही मिळून चांगले काम देतात. शिवाय कुंपण तयार व्हायला तीन-चार पावसाळे लागतात. ज्याला याच हंगामात पीक राखायचे आहे त्याने केवळ करवंदीच्या भरवशावर राहू नये.

‘अहो, तीन-चार वर्षे कोण थांबतो?’ असे कोणी म्हणेल. त्याला सोपा उपाय आहे. फेसाट्यांचे कुंपण आपण नाही तरी दरसाल करतोच. त्याच्याच आतल्या बाजूला करवंदीची रोपे लावावी. तीन वर्षे फेसाट्या रोपांना राखतील, पुढे रोपे वावराला राखतील. चौथ्या वर्षापासून फेसाट्या तोडायचे काम सुटले. रानातली तेवढी झाडेही वाचली.

बी ताजेच हवे

बरेच जण सांगतात, ‘करवंदीचे बी लावून पाहिले, उगवत नाही.’ याचे कारण बहुधा एकच असते. करवंदाचे बी साठवणीत टिकत नाही. डब्यात ठेवून दिवाळीला पेरले तर त्यातले फार थोडे उगवते. फळातून काढल्यावर आठवडाभराच्या आत ते मातीत गेले पाहिजे. आपल्याकडे फळ पिकते वैशाख-ज्येष्ठात आणि पाऊस येतो मृगात. म्हणजे निसर्गानेच वेळ जुळवून दिली आहे.

बी कोणत्या झुडपाचे घ्यावे, हे आधी ठरवावे. रानातली सगळी करवंदे सारखी नसतात. एखाद्या जाळीचे फळ मोठे, गराचे आणि गोड. शेजारच्या जाळीचे बारीक आणि आंबट. गुराख्यांना आणि पोरांना कोणती जाळी गोड हे तोंडपाठ असते. त्यांना विचारून चांगल्या जाळीची, पूर्ण काळी झालेली फळे आणावी. घरात सगळ्यांनी खावी आणि बिया वाटीत टाकाव्या. एका फळात दोन-चार बिया निघतात. पाचशे रोपांसाठी किलो-दोन किलो फळ पुरे होते. बिया राखेत चोळून धुवाव्या, म्हणजे चिकट गर निघून जातो. नंतर एक दिवस सावलीत सुकवून लगेच पेराव्या.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या जमवाव्या. बुडाशी आणि बाजूला चार-पाच भोके पाडावी. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि जमिनीत चिकटपणा असेल तर थोडी वाळू असे मिश्रण भरावे. प्रत्येक पिशवीत दोन बिया अर्धा इंच खोल टोचाव्या. पिशव्या आंब्या-फणसाच्या विरळ सावलीत, पाणी तुंबणार नाही अशा उंचवट्यावर ठेवाव्या. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात, काही बिया महिनाही घेतात. दोन्ही बिया उगवल्या तर जोमदार रोप ठेवून दुसरे काढून टाकावे. पुढचा उन्हाळा या पिशव्या घराजवळच ठेवाव्या. भांडी धुतलेले पाणी त्यांना पुरते, मात्र साबणाचे पाणी घालू नये.

ज्याला एवढीही खटपट नको त्याने पहिल्या पावसानंतर बांधावरच वीत-वीत अंतरावर बिया टोचाव्या. त्यातल्या पुष्कळ मरतील, पण जी रोपे जगतील त्यांचे सोटमूळ न दुखावता सरळ खाली जाईल आणि त्यांना पुढे पाणीही कमी लागेल.

फांदी तोडून खोचली तर करवंदीला सहजासहजी मुळे फुटत नाहीत. एखाद्या खास झुडपाचा वाण जसाच्या तसा हवा असेल तर पावसाळ्यात गुटी बांधावी. आणि रानातली वाढलेली झुडपे उपटून आणू नयेत. त्यांचे मूळ तुटते, शंभरात दहाही जगत नाहीत आणि डोंगर मात्र उघडा पडतो.

लावणीचा हिशेब

समजा, एक एकराचे चौरस वावर आहे. त्याची एक बाजू सुमारे २०९ फूट, म्हणजे चारी बाजू मिळून सुमारे ८३५ फूट होतात. दोन फुटांवर एक रोप धरले तर ४२० च्या आसपास रोपे लागतात. मरतूक धरून ५०० तयार ठेवावी. ज्या बाजूने गुरांची वाट आहे तिथे दोन ओळी कराव्या. दोन ओळींत दोन फूट अंतर ठेवून रोपे एकाआड एक, नागमोडी लावावी.

खड्डे वैशाखातच खणून ठेवावे. हातभर लांबी-रुंदी आणि तेवढीच खोली पुरे. उन्हाने माती तापली की किडी मरतात. पहिला चांगला पाऊस झाला की खड्ड्यात घमेलेभर कुजलेले शेणखत आणि वरची माती मिसळून भरावी. अर्धकच्चे शेणखत घालू नये, त्याने हुमणी आणि वाळवी येते. पिशवी ब्लेडने चिरून, मातीचा गड्डा न फुटू देता रोप लावावे आणि बुडाशी माती घट्ट दाबावी. पिशव्यांचे तुकडे शेतात सोडू नयेत, गुरे खातात.

करवंदीला मुरूम चालतो, कातळ चालतो, दगडगोटेही चालतात. एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे बुडाशी साचलेले पाणी. म्हणून भातखाचराच्या चिखलाच्या बाजूला ती लावू नये, बांधाच्या माथ्यावर किंवा उताराच्या अंगाला लावावी. उतारावर आडवी ओळ लावली तर तिच्या मुळांशी वाहून येणारी माती अडते आणि काही वर्षांनी तिथे आपोआप ताल तयार होते. हा फायदा कुंपणाइतकाच मोलाचा आहे.

पहिला उन्हाळा आणि वणवा

लावणीनंतरचा पहिला उन्हाळा रोपाच्या जिवावरचा असतो. त्या वर्षी फाल्गुन ते ज्येष्ठ दर आठ-दहा दिवसांनी रोपाला तांब्या-दोन तांबे पाणी द्यावे आणि बुडाशी भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा पसरावा. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दिले तरी चालते. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाण्याचे नाव काढायला नको. चारशे रोपांना पाणी घालणे हे काही कमी काम नाही. म्हणून चारी बाजू एकदम न करता दरसाल एक बाजू करावी. घरातल्या बाईच्या डोक्यावर जेवढे हंडे चढतील तेवढीच रोपे लावावी, असा हिशेब ठेवला तर कुंपणही होते आणि घरात कुरबूरही होत नाही.

शेळीपासून कोवळा शेंडा जपावा. त्याहून मोठा शत्रू वणवा. माघ-फाल्गुनात डोंगराचे गवत पेटते आणि एका दुपारीत तीन वर्षांची मेहनत राख होते. होळीच्या आधी कुंपणाच्या बाहेरच्या अंगाचे पाच-सहा फूट गवत कापून पट्टा मोकळा करावा. मोठी करवंद तोडली किंवा जळली तरी बहुधा बुडातून पुन्हा फुटते. लहान रोप मात्र गेले ते गेले.

छाटणी कधी करावी

पहिली दोन वर्षे पावसाळ्याच्या सुरुवातीला शेंडे खुडावे. त्यामुळे झुडूप उंच न पळता खालून फुटते आणि कुंपणाला बुडाशी भोके राहत नाहीत. पुढे फळ उतरल्यावर लगेच, म्हणजे ज्येष्ठाच्या अखेरीस, छाटणी करून कमरेच्या वर पण छातीच्या आत उंची ठेवावी. पावसात नवी फूट येते आणि त्याच फुटीच्या टोकांना पुढे फुले लागतात. दिवाळीनंतर कात्री चालवली तर फुले येणारे शेंडेच कापले जातात आणि मग ‘करवंदीला फळ धरत नाही’ अशी तक्रार उरते.

शेजारधर्म सांभाळा

आपल्या गावांत बांधावरून झालेल्या भांडणांनी किती घरे कोर्टकचेरीत बुडाली, हे सांगायला नको. करवंद रुंदीला पसरते. आज वीतभर असलेले रोप पाच वर्षांनी चार हात जागा धरते. म्हणून सामाईक बांधावर लावायचे तर आधी शेजाऱ्याशी बोलावे. दोघांनी मिळून लावले तर रोपेही निम्मी, राखणही निम्मी आणि फळही दोघांचे. बोलणे जमत नसेल तर आपल्या हद्दीत तीन फूट आत घेऊन लावावे. बैलगाडीची वाट, पायवाट आणि पाण्याचा चर यांसाठी जागा आधीच सोडावी. नंतर काट्यातून वाट काढणे फार महागात पडते.

एखाद्या जुन्या कुंपणाशी उभे राहून त्या घरातल्या म्हातारीला विचारावे, ‘आजी, ही करवंद कोणी लावली हो?’ ती सांगते, ‘लावतंय कोण बाबा, पाखरांनी लावली. आम्ही तोडली न्हाई, एवढंच.’ यात खोटे काही नाही. बुलबुलासारखी पाखरे फळ खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. करवंदीच्या जाळीत गुरांचे तोंड पोचत नाही, म्हणून तिच्या आत इतर झाडांची रोपटी निर्धास्त वाढतात. डोंगर पुन्हा झाडांनी भरण्याची सुरुवात बरेच वेळा अशा जाळीतूनच होते.

फळाचा पैसा

रोप लावल्यापासून साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसू लागते. मोकळ्या जागेत पूर्ण वाढलेले झुडूप तीन-चार किलो फळ देते. कुंपणात दाटीने लावलेले आणि छाटलेले झुडूप कमी देणार. तरी झुडपामागे एक किलो धरले तर एकराच्या कुंपणाला चार क्विंटल फळ होते. हे फळ खत-औषधाविना, नांगराविना, आणि पिकाची एक काकरीही न अडवता आलेले असते.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. या विद्यापीठाने करवंदाचा ‘कोकण बोल्ड’ नावाचा मोठ्या फळाचा वाण काढला आहे. ज्यांना कुंपणापेक्षा फळबाग म्हणून करवंद करायची आहे त्यांनी त्याची चौकशी करावी आणि दोन झुडपांत सात ते दहा फूट अंतर ठेवावे. उत्तरेकडे पांढरट-गुलाबी रंगाची मोठी करवंदे होतात. त्यांना पाकात मुरवून लाल रंग देतात. शहरातल्या केकवर आणि पानात जी ‘चेरी’ दिसते ती पुष्कळदा हीच करवंदे असतात. आपण रानमेवा म्हणून ज्याला कमी लेखतो त्याला बाहेर असे मोल आहे.

पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. कच्चे मात्र आठवडाभर राहते. म्हणून बाजार लांब असेल तर निम्मे फळ चैत्रात कच्चेच उतरवावे. त्याला लोणच्यासाठी मागणी असते. उतरवताना बोटांना गोडे तेल चोळावे, म्हणजे चीक चिकटत नाही. आणखी एक सांगणे. गावाशेजारच्या डोंगरावरची करवंदे विकून कितीतरी कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी बायाबापड्यांच्या उन्हाळ्याची चूल पेटते. आपल्या बांधावर करवंद झाली की रानातली त्यांना राहू द्यावी.

घरधनिणीसाठी : करवंदाचे लोणचे

कच्ची, टणक करवंदे अर्धा किलो घ्यावी. मिठाच्या पाण्यात धुऊन पुसून कोरडी करावी. प्रत्येकाचे दोन भाग करून बी काढावे. शंभर ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद लावून एक दिवस झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्यात पन्नास ग्रॅम मोहरीची भरड, तीन मोठे चमचे लाल तिखट, तळून कुटलेली चमचाभर मेथी आणि आवडत असल्यास लिंबाएवढा गूळ घालून कालवावे. वाटीभर तेलाची हिंग-मोहरी घालून फोडणी करावी, ती पूर्ण गार झाल्यावर ओतावी. कोरड्या बरणीत भरून फडके बांधावे. चार-आठ दिवसांत मुरते. आंबा आला नाही त्या वर्षी हेच लोणचे घराची अब्रू राखते.

पिकल्या करवंदांचा मुरांबा करताना वेगळे काही घालावे लागत नाही. या फळात रस घट्ट करणारा गुण मुळातच असतो, म्हणून साखरेबरोबर आटवले की तो आपोआप आळून येतो.

तेव्हा मंडळी, या वैशाखात करवंदे खाताना बी थुंकून टाकू नका. गोड जाळी हेरून ठेवा, बिया धुऊन घ्या, पिशव्या भरा आणि मृगाची वाट पाहा. पुढच्या मृगाला एक बाजू लावून होईल, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. चारी बाजू पुऱ्या होतील तोवर पहिल्या बाजूच्या फुलांचा वास माघात घरात येऊ लागेल. आणि सपाटीकरणाचे यंत्र वावरात येईल तेव्हा चालकाला आधी बांधावर नेऊन सांगा, ‘बाबा, ही जाळी तेवढी सोड.’